दुसरं बाळसं

२०१९ च्या मार्चमधली गोष्ट. आम्ही मुंबईहून कोल्हापूरला परत येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पल्स पोलिओचा रविवार होऊन गेला होता आणि बूथवर न आलेली मुलं हुडकत आशाताई शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत आल्या. धाकटी तेव्हा तेरा महिन्यांची, माझ्या कडेवर. तिच्या करंगळीवर खूण करायला त्यांनी मार्कर काढला आणि मी म्हणाले, "हिला तोंडातला डोस नको."

आशाताईंचा चेहरा उतरला. भर उन्हात त्या दारोदार फिरत होत्या, आणि मी त्यांना उंबऱ्याच्या आतही घेतलं नव्हतं. मग उभ्याउभ्याच सांगितलं. तोंडातून द्यायच्या डोसातला विषाणू मंद केलेला असला तरी जिवंत असतो, आणि तो पुढचे काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडत राहतो. एरवी त्यानं सहसा कुणाचं काही बिघडत नाही. पण आत माझा थोरला आहे, साडेसहा वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी त्याचं सगळं रक्त बदललंय. त्याच्या अंगात आज कुठल्याच रोगाची ओळख शिल्लक नाही. लहानपणी दिलेल्या सगळ्या लशी पुसल्या गेल्यात. म्हणून धाकटीला पोलिओचं इंजेक्शन दिलंय, त्यात मेलेला विषाणू असतो. हे तिचं कार्ड.

त्यांनी कार्ड नीट वाचलं. मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडं बघत म्हणाल्या, "म्हणजे ताई, थोरलाच तुमचं चार महिन्यांचं बाळ आहे की."

मला हे कळायला किती महिने लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कागदावर काढून दाखवलं होतं, मी मान डोलावली होती. पण ते मनात बसलं त्या दिवशी दारात.

थोरल्याला फॅन्कोनी ॲनिमिया. पाचव्या वर्षी त्याच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. खेळताना आपटला असेल, असं म्हणून आम्ही खोबरेल तेल चोळत राहिलो. मग एका रात्री नाकातून रक्त सुरू झालं आणि थांबेना. प्लेटलेट बावीस हजार. कोल्हापुरातून सांगलीला, तिथून मुंबईला. मुंबईतल्या डॉक्टरांनी आधीचे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि सगळ्यात आधी त्याचा उजवा हात हातात घेतला. त्याचा तो अंगठा जन्मापासून जरा बारीक आणि आखूड होता. घराण्यातच कुणाचा तरी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी तो अंगठा दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिला. मग रक्ताचा एक नमुना घेतला. त्यातल्या पेशींवर एक औषध टाकून गुणसूत्रं तुटतात का ते बघतात. त्याची तुटली.

या आजारात पेशीला स्वतःच्या डीएनएची दुरुस्ती नीट जमत नाही, आणि त्याचा फटका आधी बसतो तो हाडांतल्या मज्जेला. रक्त तयार होणं हळूहळू बंद पडतं. बहुतेक घरांत दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडतं, आणि प्रत्येक बाळंतपणात ती शक्यता चारात एक. हे लिहायला हात जड होतो, पण लिहायला हवं: माझी सासू माझी सख्खी आत्या आहे. आमच्या भागात मामाची मुलगी करणं ही रीत, त्यात वावगं कुणालाच वाटत नाही. आत्याबाईंनी मला लहानपणापासून मांडीवर खेळवलं, मग सून करून घेतलं. निदान कळलं त्या रात्री त्या देवघरासमोर बसून राहिल्या आणि पहाटे मला म्हणाल्या, "माझ्या हट्टापायी झालं का गं हे?" मी नाही म्हटलं. कुणाचाच हट्ट नव्हता, कुणाला काही माहीत नव्हतं. पण आता माहीत झालेलं आहे, आणि नात्यात सोयरीक जमते असं कळलं की मी स्वतः होऊन त्या घरी जाते आणि रक्ताची तपासणी, जनुकांचा सल्ला याबद्दल बोलते. काही घरांत ते आवडत नाही. तरी जाते.

निदान झालं तेव्हा मला पाचवा महिना होता. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडं पाहिलं आणि एक वाक्य बोलले, "या बाळाची नाळ टाकू नका."

नाळेतल्या आणि वारेतल्या रक्तात मज्जा नव्यानं उभी करणाऱ्या मूळ पेशी असतात. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या सेंट-लुई हॉस्पिटलात एलियान ग्लुकमन यांनी या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण म्हणजे अमेरिकेतला एक पाच वर्षांचा मुलगा, आजार फॅन्कोनीच, आणि रक्त त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेतलं. हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत ते गोठवलं गेलं आणि तसंच विमानानं पॅरिसला नेलं. मुलगा बरा झाला. ही हकिकत डॉक्टरांनी सांगितली तेव्हा मी घरी येऊन रात्रभर तेवढंच मनाशी घोळवत होते. मुलगा, पाच वर्षं, बहीण, नाळ. माझ्या पोटात काय आहे ते मला माहीत नव्हतं. पण त्या रात्रीपासून मी तिला मुलगीच म्हणायला लागले.

धाकटी राजारामपुरीतल्या दवाखान्यात जन्मली, फेब्रुवारी २०१८. नाळ कापल्यावर वारेकडच्या टोकाला शिरेत सुई घालून डॉक्टरबाईंनी पिशवी खाली धरली. दहा मिनिटांचं काम. शंभर मिलिलिटरच्या आतबाहेर काळपट लाल रक्त, चहाच्या कपाएवढं. अठ्ठेचाळीस तासांच्या आत मुंबईत पोचायला हवं म्हणून माझे दीर ती पेटी घेऊन त्याच रात्री निघाले.

बाहेर आत्याबाई वारेची वाट बघत होत्या. आपल्याकडं नाळ-वार घराच्या जागेत पुरतात. जिथं नाळ पुरली ती जागा माणसाला ओढते म्हणतात. "हिची नाळ मुंबईला गेली," मी म्हणाले. त्या गप्प झाल्या. पाचवीला सटवाई पुजताना कोरा कागद, पेन, सगळं मांडून झाल्यावर त्यांनी शेजारी आणखी एक सुपारी ठेवली. विचारलं तर म्हणाल्या, "त्या पिशवीच्या नावानं. तिचंबी नशीब लिव्हू दे."

पिशवी उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये पडून राहिली. धाकटीला आजार नाही हे कळलं, आणि तिची जुळणी भावाशी पूर्ण आहे हेही. पेशींचा हिशेब डॉक्टरांनी वहीत मांडला: वजनाच्या दर किलोमागं निदान तीन कोटी पेशी हव्यात. थोरला सोळा किलोचा, म्हणजे अठ्ठेचाळीस कोटी. पिशवीत नव्वद कोटींच्या वर होत्या. कोटीतला आकडा ऐकून माझे यजमान पहिल्यांदा हसले.

नोव्हेंबरमध्ये प्रत्यारोपण झालं. शब्द केवढा मोठा, आणि प्रत्यक्षात सलाइनच्या नळीतून वीस-पंचवीस मिनिटांत एक छोटी पिशवी रिकामी झाली. त्याआधी केमोनं त्याची जुनी मज्जा पुसून टाकली होती. पिशवी कोमट पाण्यात वितळवून आणली. गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून त्यात एक रसायन घालतात, त्याचा वास श्वासातून बाहेर येतो. खोलीभर लसणासारखा उग्र वास पसरला. थोरल्यानं मास्कमधूनच नाक आक्रसलं आणि म्हणाला, "आई, चटणीच्या डंकावर आल्यागत वाटतंय." उन्हाळ्यात आम्ही कांदा-लसणाची चटणी कुटायला डंकावर जातो, तेव्हा तो डोळे मिटून माझ्या पदरात तोंड खुपसायचा. त्या हवा गाळणाऱ्या हेपा फिल्टरच्या खोलीत, बाराव्या मजल्यावर, आमची पेठ आली आणि मला रडू फुटलं.

मग वाट बघणं सुरू झालं. मोठ्या माणसाची मज्जा दिली तर साधारण दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशी दिसायला लागतात, नाळेच्या रक्ताला तीन-चार आठवडे लागतात. पेशी थोड्या आणि कोवळ्या. रोज पहाटे रक्त जायचं, अकराला फोन यायचा. शून्य. शून्य. शून्य. वॉर्डातल्या सगळ्या आया एकमेकींना एकच विचारायच्या, "काउंट आले का?" सव्विसाव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, पाचशेच्या वर गेले आणि तीन दिवस टिकले. पेढे वाटले गेले. कोल्हापुरात मामंजींनी गंगावेशीत साखर वाटली. सगळ्यांना वाटलं, झालं, सुटलो.

त्या दिवशी मला कुणी हात धरून सांगायला हवं होतं, की खरी परीक्षा आता सुरू होते. न्यूट्रोफिल म्हणजे दारावरचा पहारा. दिसेल त्या जंतूवर तुटून पडणारा, पण कुणाला न ओळखणारा. शरीराची ओळख ठेवणारं खातं वेगळं, आणि ते सगळ्यात शेवटी परत येतं. पहिल्या एक-दोन महिन्यांत नॅचरल किलर पेशी येतात. तिसऱ्या महिन्यापासून पुढं बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या. त्या नीट कामाला लागेपर्यंत दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी महिन्याला शिरेतून द्याव्या लागतात. आणि टी पेशी, ज्यांच्यावाचून विषाणू आवरत नाहीत, त्यांना सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. मोठ्या माणसाच्या मज्जेबरोबर त्याच्या अनुभवी टी पेशीही थोड्या येतात. गोवर, कांजिण्या, सर्दी सगळं पाहिलेल्या. त्या सुरुवातीचे महिने किल्ला लढवतात. पण नाळेतल्या रक्तात तसल्या पेशी जवळपास नसतातच. नऊ महिने आईच्या पोटात असलेल्या जिवानं काय पाहिलेलं असणार?

हीच गोष्ट एका बाजूनं वरदानही आहे. त्या पेशींनी काहीच पाहिलेलं नसल्यानं नव्या शरीरावर चालून जाण्याची, ज्याला डॉक्टर जीव्हीएचडी म्हणतात त्याची, भीती कमी असते. भोळेपणाचा फायदा म्हणा. पण त्याच भोळेपणापायी मधले महिने उघड्यावर काढावे लागतात. एकेचाळिसाव्या दिवशी सीएमव्ही वर आला. हा विषाणू आपल्या देशात बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरून निमूट पडून असतो, थोरल्याच्याही होता. राखण करणारं कुणी नाही म्हटल्यावर तो जागा झाला. तीन आठवडे त्याच्यावरची इंजेक्शनं. त्या औषधानं पुन्हा काउंट पडले. त्या तीन आठवड्यांबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही.

शंभर दिवसांनी घरी आलो तेव्हा मामंजींना हे सगळं समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली. ते तरुणपणी गंगावेश तालमीत होते, कान अजून मोडलेले आहेत. मी डॉक्टरांचाच कागद पुढं केला. छातीच्या मधल्या हाडामागं, हृदयाच्या वरच्या अंगाला, थायमस नावाची एक ग्रंथी असते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असा शब्द आहे, कारण वयात येईपर्यंत ती जोरात असते आणि मग आटत जाते. १९६१ पर्यंत तिचं काम काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जॅक मिलर यांनी ते दाखवलं. मज्जेत जन्मलेल्या कोवळ्या पेशी तिथं जातात आणि टी पेशी होऊन बाहेर पडतात. ज्या पेशीला काहीच ओळखता येत नाही ती तिथंच मरते. जी आपल्याच शरीरावर उठते तिलाही तिथंच संपवतात. शंभरातल्या मोजक्या दोन-चार बाहेर येतात.

मामंजींनी चष्मा काढला. "म्हंजे ही तालीमच हाय की गं," ते म्हणाले. "घरच्याच माणसाच्या अंगावर जाणाऱ्याला वस्ताद कधी लंगोट लावू देत न्हाई. आन् नवं पोर दोन म्हैन्यांत खासबागेत उतरवत न्हाईत. मिसरूड फुटंस्तवर नुसत्या बैठका." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पर ती तालीम शाबूत हाय न्हवं?"

नेमका तोच प्रश्न होता. केमोचा, आधी दिलेल्या औषधांचा मार त्या ग्रंथीलाही बसलेला असतो. मोठ्या माणसांत ती आधीच आटलेली, म्हणून त्यांच्यात नाळरक्तानंतरची ही उभारणी फार रखडते. मुलांच्या बाबतीत वय मदतीला येतं. थोरला सहा वर्षांचा होता, त्याची तालीम मोठी होती. पण ती कधी झडझडून सुरू होईल हे कुणाच्या हातात नव्हतं. त्यासाठी गोळी नाही की टॉनिक नाही. आम्हाला नातेवाइकांनी गुळवेलीपासून अमुक काढ्यापर्यंत काय काय सुचवलं. मायेपोटीच सुचवलं. डॉक्टर म्हणाले, यातलं काहीही देऊ नका, नुसतं जपा आणि वाट बघा.

जपायचं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगितलं की त्याचा जीव कासावीस होतो. मिसळीवर वरून कच्चा कांदा नाही. जोतिबाच्या गुलालाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. अंबाबाईच्या गर्दीत जायचं नाही. मातीत खेळायचं नाही, कारण मातीत बुरशी. अंगणातलं तुळशीवृंदावन आम्ही परसात नेलं. आणि गंगावेशीचं धारोष्ण दूध. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात, समोर पिळून फेसाळता पेला हातात देतात. आजारी पडायच्या आधी थोरला रोज आजोबांचं बोट धरून तिथं जायचा आणि वरच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी घेऊन घरी यायचा. पुसू द्यायचा नाही, मला दाखवायची असायची. कच्च्या दुधातून येणारे जंतू त्याच्यासाठी जीवघेणे होते. मामंजींनी दीड वर्ष स्वतःही तो पेला सोडला. मी कितीदा म्हटलं, तुम्ही जा. ते म्हणायचे, तोंडाला वास येतो, पोराला कळतं.

दर दोन-तीन महिन्यांनी मुंबईला टी पेशींची मोजणी. त्यातल्या एका प्रकारच्या पेशींचा, सीडी-४ चा, आकडा आमच्या घरात तिथी-वारासारखा झाला होता. शंभराव्या दिवशी ८४. सहा महिन्यांनी १५१. दोनशे गाठल्याशिवाय चालू औषधं कमी करायची नाहीत, असं ठरलेलं. नव्या पेशी शरीरावर उठू नयेत म्हणून दिलेल्या सायक्लोस्पोरिननं त्याच्या भुवया दाट होऊन मधोमध जुळल्या होत्या, गालांवर लव आली होती. गल्लीतली मुलं खिडकीतून त्याला हाक मारायची आणि तो पडद्याआड सरकायचा.

आणि ऑगस्ट आला. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत पाणी शिरायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नणंदेकडं आर. के. नगरला गेलो. थोरल्याला तीन मास्क, अंगावर रेनकोट, आणि यजमानांच्या खांद्यावर. पिशवीत त्याची औषधं मोजून नऊ दिवसांची. हायवे शिरोलीजवळ बंद पडला. शहराचा पाणीपुरवठा बंद, टँकरचं पाणी. ते पाणी आधी फडक्यानं गाळायचं, मग खळखळून उकळायचं, पुन्हा झाकून निववायचं. आठ दिवस गॅसवरून पातेलं उतरलं नाही. सातव्या दिवशी मी गोळ्या पुन्हा मोजल्या. आठव्या दिवशी रस्ता थोडा सुरू झाला आणि ओळखीच्या एका मेडिकलवाल्यानं पुण्याहून येणाऱ्या गाडीतून औषध मागवून ते स्वतः आणून दिलं. पैसेसुद्धा नंतर घेतले.

पाणी उतरल्यावर आत्याबाई घर बघायला गेल्या. भिंतींवर छातीएवढ्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी चढलेली. "तू येऊ नकोस, मी बघतो सगळं," त्या फोनवर म्हणाल्या. सत्तरीला टेकलेली बाई तोंडाला पदर बांधून पंधरा दिवस भिंती खरवडत होती. तरी आम्ही दिवाळीपर्यंत परत गेलो नाही. सप्टेंबरच्या मोजणीत सीडी-४ आला २१८. डॉक्टर म्हणाले, आता उतारावरची गाडी. त्यांना म्हणायचं होतं, पुढं आपोआप वेग येईल. तसंच झालं. नोव्हेंबरात, पहिल्या वर्षाला, ४४०.

त्या वर्षापासून दोन वह्या शेजारी शेजारी चालल्या. धाकटीचं लसीकरण कार्ड भरत आलेलं, थोरल्याचं पहिल्या पानापासून कोरं. सात वर्षांचा मुलगा दंड पुढं करून, जी लस बाळाला दीड महिन्याला देतात ती घेत होता. बहीण शेजारी उभी राहून सांगायची, "दुखत नाई." मेलेल्या जंतूंच्या लशी आधी. गोवर-गालगुंडाची लस जिवंत, म्हणून तिच्यासाठी दोन वर्षं थांबायचं. मध्ये कोविड आला, सगळं गाव मास्क लावून घरात बसलं. थोरल्यानं खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, "आता सगळेच माझ्यासारखे." जानेवारी २०२१ मध्ये गोवराची लस दिली. त्या रात्री मी झोपले नाही. काही झालं नाही.

त्याचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह होता, आता धाकटीचा बी पॉझिटिव्ह आहे. रक्त तपासलं तर गुणसूत्रं मुलीची दिसतात. हे त्याला सांगितलं तेव्हा तो दोन दिवस गप्प होता. मग आजोबांना जाऊन म्हणाला, "माझ्यात तिची फौज आहे."

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण मला आठवड्यातून एक तरी फोन येतो. दिवस राहिलेल्या मुली विचारतात, ताई, आम्हीपण बाळाची नाळ साठवावी का? कंपनीवाले विमा म्हणून सांगतात, लाखभर रुपये मागतात. घरात आधीच एखादं मूल अशा आजाराचं असेल, तर डॉक्टरांशी बोलून जरूर साठवा. आमचं तसं होतं. पण निरोगी घरात, बाळाच्या स्वतःच्या पुढच्या उपयोगासाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. साधा विचार करा: माझ्या थोरल्याची स्वतःची नाळ साठवली असती तर तिच्यात हाच दोष असता. शिवाय नाळ कापायला मिनिटभर थांबलं तर ते रक्त बाळाच्याच अंगात जातं, त्याचं लोह वाढतं. आपल्याकडच्या अशक्त आयांच्या बाळांना त्याची गरज आज आहे. आणि आता अर्ध्या जुळणीवर आई-बापाची मज्जा देऊनही प्रत्यारोपण होतं. कर्ज काढून पिशवी ठेवू नका. हे मी हात जोडून सांगते.

२०२२ च्या सुरुवातीला बालवाड्या पुन्हा उघडल्या. धाकटी तिसऱ्या दिवशी नाक गळत घरी आली. दोन दिवसांनी थोरला तापला. १०१.४. एकेकाळी शंभराच्या वर पारा गेला की अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा, बॅग दारातच भरून ठेवलेली असायची. मी थरथरत मुंबईला फोन लावला. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "पॅरासिटामॉल द्या. उद्या सांगा." मी फोन हातात धरून बसून राहिले. जगातल्या सगळ्या आयांना सांगतात ते वाक्य तीन वर्षांनी मला कुणी सांगत होतं. बाजूबाजूच्या दोन गाद्यांवर दोघं खोकत पडलेली. तिसऱ्या रात्री त्याच्या कपाळाला हात लावला तर ओला होता. घाम. शर्ट पाठीला चिकटलेला. मी आत्याबाईंना उठवलं, त्यांनीही हात लावून पाहिला, आणि अंधारातच देवघराकडं वळून हात जोडले.

बहिणीची सर्दी, आणि ती परतवणाऱ्या पेशीही बहिणीच्याच. तिची पाच दिवसांत गेली, त्याला सात लागले.

सगळं संपलेलं नाही. प्रत्यारोपणानं मज्जा बरी होते, फॅन्कोनी बाकीच्या शरीरात राहतोच. तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाची भीती मोठेपणी इतरांपेक्षा खूप जास्त. म्हणून सहा महिन्यांनी तोंडाची तपासणी, आयुष्यभर. तंबाखूची गोष्ट त्याला आत्तापासून सांगतो. अंगठा आखूड तो आखूडच. त्यानंच तो बॅट धरतो.

परवा मामंजी दोघांना घेऊन गंगावेशीला गेले होते. बारा वर्षांचा आणि सहा वर्षांची. कट्ट्यावर दूध प्यायचं नाही, किटलीतून घरी आणून उकळायचं, ही माझी अट अजून आहे, दोघांनाही. रात्री पातेल्यावर जाड साय आली. थोरल्यानं चमचा आधी घातला. धाकटी चिडली.

"साय माझी. नाहीतर माझं रक्त परत दे."

त्यानं शांतपणे बाही वर सारली आणि दंड तिच्यापुढं धरला. तिनं दंडाकडं पाहिलं, पातेल्याकडं पाहिलं, आणि त्याच्या हातातला चमचा ओढून घेतला.